पेंडसेकाकांचे पाच वार

मी अकरा वर्षं नशीब तयार करण्याच्या कामावर होते. हे वाक्य मी एकदा विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत बोलून गेले, तर शेजारच्या बाई दुसऱ्या दिवशी मुलीच्या लग्नाचं विचारायला आल्या. तेव्हापासून मी "कॉम्प्युटरवर काम होतं" एवढंच सांगते.

खरं तर आमच्या घरात नशिबाला दारातूनच परत पाठवलं जाई. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर नवस, मुहूर्त आणि कुंडल्याही घराबाहेर गेल्या. वडील सरकारी नोकरीत होते. मी परीक्षेला निघाले असताना कोणी "बेस्ट लक" म्हणालं, की ते त्या माणसाला थांबवून "अभ्यास केलाय तिनं" असं सुनावायचे. मी संख्याशास्त्र शिकले, पंधरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर ते शिकवलं आणि पंचेचाळिशी उलटल्यावर बाणेरच्या एका गेम कंपनीत लागले. मुलगी आकडेमोड करते, एवढंच वडिलांना शेवटपर्यंत माहीत होतं. ते खोटं नव्हतं.

ज्यांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑनलाइन खेळात हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात पात्रं होऊन वावरतात, राक्षस मारतात, एकमेकांशी लढतात. बटण दाबलं की तलवारीचा वार होतो आणि समोरच्याचं, समजा, शंभरचं नुकसान होतं. अधूनमधून एखादा वार दुप्पट लागतो. आकडा लाल होतो, पडदा हलतो, आवाज जड येतो. त्याला खेळाडू 'क्रिट' म्हणतात. तो साधारण पाचांत एकदा लागतो आणि कधी लागायचा ते यंत्र ठरवतं. हजार वार केलेत तर सगळ्यांचं नशीब जवळजवळ सारखंच निघतं. पंचाईत होते ती दणक्याच्या वेळी. दणका म्हणजे चार-पाच सेकंदांत सगळी ताकद ओतून केलेले पाच वार. मोठ्या लढायांचा निकाल त्यावरच लागतो. आता पाच वारांत सरासरीला हातपाय पसरायला जागा कुठली? एकाचे पाचही साधे पडले तर पाचशे, दुसऱ्याला पाचही क्रिट लागले तर हजार. हात तेच, शस्त्र तेच. वर्षभराच्या चाचण्यांतून मुलीची तयारी कळते, पण तोंडी परीक्षेत तिला नेमका कोणता प्रश्न येईल ते कोण सांगणार?

हरलेला खेळाडू आम्हाला लिहायचा की तुमचा खेळ लबाड आहे. ती तक्रार वाचायची, त्याच्या प्रत्येक वाराची नोंद उघडायची, मोजायचं आणि उत्तर द्यायचं, हे माझं काम. चाकणच्या कारखान्यात काम करणारा, मूळ भंडाऱ्याकडचा एक जण फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "मॅडम, सांगा बरं, माह्याच नशिबात खोट हाये का?" मी मोजलं. त्याला इतरांपेक्षा थोडे जास्तच क्रिट लागले होते. तसं प्रामाणिकपणे सांगितलं, तर त्यानं मला कधीच माफ केलं नाही. इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी दणक्याआधी माउस तीनदा टेबलावर आपटायची आणि माउस मोडला की आम्हाला जबाबदार धरायची. तिला मी उलट टपाली टेबल बदलण्याचा सल्ला दिला होता.

या सगळ्यांमुळे आम्ही यंत्रात 'भरपाई' घातली. प्रत्येक साध्या वारागणिक पुढच्या क्रिटची शक्यता थोडी वाढायची आणि क्रिट लागला की परत खाली यायची. खरं नशीब लोकांना खोटं वाटत होतं. आम्ही खोटं बनवून दिलं, तेव्हा कुठे त्यांना ते खरं वाटू लागलं. हुशार खेळाडूंनी लगेच पळवाट काढली. खेळात एक रिकामं अंगण होतं, तिथे सरावासाठी गवताचा एक पुतळा उभा असे. त्याच्यावर वार करत बसायचं, ओळीनं बरेच साधे पडले आणि भरपाई काठोकाठ आली की हात आवरायचा, खेळातून बाहेर पडायचं. पुढच्या वेळी पहिलाच वार हमखास क्रिट. याला ते 'भरून ठेवणं' म्हणत. मला त्याचा राग आला नाही. जे लोक संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी दुपारीच डाळ भिजत घालतात, त्यांच्यातलीच मी.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी, दुपारी जेवणाचा डबा उघडत होते तेव्हा सुरक्षारक्षकानं वर फोन केला. खाली एक आजोबा आलेत, अर्ज द्यायचा म्हणतात, हलायला तयार नाहीत. आमच्या कंपनीत ग्राहक कधी प्रत्यक्ष येत नसे. खाली गेले तर इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ प्लास्टिकची फाइल मांडीवर घेऊन बसलेले. नाव पेंडसे. धायरीला राहायला. बुधवार पेठेत चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेलं.

अर्ज काळ्या शाईत, तीन प्रतींत होता. विषय असा: 'अकारण मिळणाऱ्या नशिबाबाबत.' खाली 'कार्यालयाचे उत्तर' असं लिहून चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या.

"तक्रार काय आहे?" मी विचारलं.

"लिहिलंय की. वाचायची पद्धत असेल ना इथे?"

मी वाचलं. त्यांची मुलगी ऋता, वय सव्वीस, आयटीत नोकरीला, अकरा महिन्यांपूर्वी डेंग्यूनं आठ दिवसांत गेली होती. काकांची पत्नी आधीच गेलेली, त्यामुळे घरात आता ते एकटे. ऋता आमचा खेळ खेळायची. तिचं पात्र त्या अंगणात उभं होतं तसंच होतं. काका रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिच्या कॉम्प्युटरवर बसत, गवताच्या पुतळ्यावर पाच वार करत आणि उठत. त्यापलीकडे त्यांना खेळ येत नव्हता.

"बरं. मग?"

त्यांनी बोटांनी टेबल वाजवलं. तीन जड, एक हलका, एक जड. "रोज हेच. पहिल्या दिवसापासून हेच. वहीत लिहून ठेवलंय." मग वही पुढे सरकवली. पानामागून पान त्याच पाच खुणा. "मॅडम, माझा जन्म बिघाड शोधण्यात गेला. बिघाड असा ठेक्यात होत नाही. मी मारत नाही तिथे. मी फक्त बटण दाबतो. मारतंय दुसरंच कोणीतरी."

अकरा वर्षांत मला शेकडो लोकांनी दुर्दैवाबद्दल शिव्या घातल्या होत्या. चांगल्या नशिबाची तक्रार घेऊन आलेला हा पहिलाच माणूस. त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि ते अर्जाच्या शेवटच्या ओळीत होतं: 'सदर खात्यावर माझ्याआधी कोणी बसते काय, याचा लेखी खुलासा व्हावा.' मी पोच म्हणून तिन्ही प्रतींवर सही केली आणि एक ठेवून घेतली. त्याशिवाय ते उठणार नव्हते.

वर येऊन मी नोंद उघडली. माझा डबा उघडाच राहिला. भर दुपार, ऑफिस माणसांनी भरलेलं, खिडकीबाहेर लख्ख ऊन, आणि माझ्या अंगावर काटा आला. तीनशेहून जास्त ओळी एकाखाली एक. तीन वाजून दहा मिनिटं. क्रिट, क्रिट, क्रिट, साधा, क्रिट. खालच्या ओळीत तेच. त्याखाली तेच. मी खाली सरकत गेले तसं तेच तेच येत राहिलं. असे पाच वार ओळीनं पडण्याची शक्यता ढोबळमानानं आठशेत एकदा. ते रोज पडायला लागले तर त्याला शक्यता म्हणत नाहीत. त्या खात्यावर दुसरं कोणी बसल्याची नोंद नव्हती. मी चारदा पाहिलं.

आमचा प्रमुख निनाद माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पोरगा चांगला. तो खांद्यावरून डोकावून म्हणाला, "एज केस आहे मॅम, लाखात एखादा अपवाद. क्लोज करून टाका ना."

"पाहिल्याशिवाय?"

"एकच तर यूजर आहे."

मी तिसऱ्या दिवशी उत्तर शोधून काढलं, आणि ते माझ्याच घरचं निघालं. यंत्राकडे प्रत्येक पात्रासाठी आकड्यांची एक लांबच लांब यादी असते. दर वाराला ते पुढचा आकडा उचलतं आणि त्यावरून क्रिट की साधा ते ठरवतं. यादीत बोट कुठे ठेवलं आहे आणि भरपाई किती साचली आहे, या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. त्या दर वाराला लिहिल्या तर यंत्रावर ताण येतो, म्हणून खेळाडू रीतसर 'बाहेर पडा' दाबेल तेव्हाच लिहाव्यात, असं ठरवणारी मीच होते. बैठकीत कोणीतरी विचारलं होतं, वीज गेली तर? मी म्हणाले होते, तर जुनंच बोट जुन्या जागी राहील. रोज कोण वीज तोडून खेळणार आहे?

पेंडसेकाका तोडत होते. चाळीस वर्षांची सवय. काम झालं की आधी भिंतीवरचं बटण बंद. त्यामुळे त्यांचे पाच वार नोंदीत दिसत होते, पण पात्राच्या खात्यात कधी लिहिलेच गेले नव्हते. यादीत बोट होतं ते ऋतानं शेवटचं ठेवलेलं. त्या दुपारी ती पुतळ्यापुढे बराच वेळ उभी होती. नोंदीत तिचे बासष्ट वार होते, शेवटचे सगळे साधे. भरपाई काठोकाठ आल्यावर ती तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडली होती. तिनं भरून ठेवलं होतं.

दुरुस्ती सोपी होती. सोमवारी ती सगळ्यांसाठी लागू होणार होती, आणि मग काकांचा पहिलाच वार लिहिला जाणार होता. त्याआधी त्यांना सांगायला हवं असं मला वाटलं. ते मेलवर लिहिण्यासारखं नव्हतं. शुक्रवारी दुपारी मी धायरीला गेले.

ऋताची खोली स्वच्छ होती. कॉम्प्युटरवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली: 'बाबा, फक्त हे बटण.' खाली वाराच्या बटणाकडे बाण. बाहेर कसं पडायचं ते तिनं लिहिलेलं नव्हतं. मी काकांना सगळं समजावून सांगितलं, अर्जाच्या शेवटच्या ओळीचं उत्तरही. कोणी बसत नाही.

"म्हणजे ताप होता म्हणून तीन दहाला उठली तेव्हाच. मी त्याच वेळी बसतो," ते म्हणाले. "संध्याकाळी खेळते म्हणाली होती. हे त्या संध्याकाळचे वार आहेत?"

"हो. ती बसली असती तर तिला हेच लागले असते."

"म्हणजे ती संध्याकाळ अजून व्हायचीच आहे."

संख्याशास्त्रात त्याला उत्तर नाही, आणि खोटं बोलायचं तर वडील आठवतात.

"सहावा काय आहे, ते तुम्हाला ठाऊक असेल," ते म्हणाले.

माझ्या पर्समध्ये कागद होता. पुढचे दहा मी काढून ठेवले होते. "हो."

"सांगू नका."

तीन दहाला त्यांनी पाच वार केले. मी प्रथमच ते आवाज ऐकले. तीन जड, एक हलका, एक जड. नोंदीत वाचणं वेगळं. त्या रिकाम्या अंगणात ऊन स्थिर होतं, तिचं पात्र आमच्याकडे पाठ करून उभं होतं, आणि पाचवा आवाज विरल्यावर खोलीत एवढी शांतता झाली की मला मागे वळून दाराकडे पाहावंसं वाटलं. मी पाहिलं नाही. ही आमच्या घरची शिकवण.

काकांचा हात भिंतीकडे निघाला तेव्हा मी म्हणाले, "थांबा, मी तुम्हाला तिच्या बाकीच्या वस्तू दाखवते." मला खरंच वाटलं की त्यांना काहीतरी द्यावं. ते उठले, मी खुर्चीत बसले आणि माउसनं ऋताची पोतडी, म्हणजे खेळातली तिची सामानाची पिशवी, उघडली. तिनं जमवलेली शिंपल्यांची माळ, एक निळी शाल, मित्रमैत्रिणींनी पाठवलेले कंदील. काका पुढे वाकून एकेक वस्तू पाहत होते. कंदिलावर कोणाचं नाव आहे, असं त्यांनी विचारलं आणि मी वाचून दाखवलं. पाहून झालं. मी पोतडी बंद केली, आणि बोलता बोलता माझ्या हातानं तेच केलं जे तो अकरा वर्षं दिवसातून पन्नास वेळा करत आला होता. तपासणी संपली की खातं उघडं सोडायचं नाही. बाहेर पडा. नक्की? होय.

पडदा काळा झाला तेव्हा मला कळलं.

माझ्या तोंडून आवाज आला असावा, कारण काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. रेडिओवाल्याला समजवावं लागलं नाही.

"लिहिलं गेलं?"

"हो."

"झालं तर मग."

मी रडले. त्यांच्या घरात, त्यांच्या मुलीच्या खुर्चीत बसून मी रडले आणि ते उभे राहिले. सावरल्यावर मी म्हणाले, "आकडे मला माहीत आहेत, काका. मी परत होतं तसं ठेवू शकते. दहा मिनिटांचं काम आहे."

"नको. तुम्ही ठेवाल ते तुमचं असेल." मग त्यांनी सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं. आता ते केलं काय, न केलं काय. "चहा घेणार ना? साखर कमी चालते का?"

चहा घेऊन मी घरी आले. रात्रभर त्या 'होय'वर पडलेलं माझं बोट मला दिसत राहिलं. सोमवारी तसंही ते जाणारच होतं, हे मी स्वतःला अनेकदा समजावलं. पण त्यांच्याकडे शनिवार होता, रविवार होता. ते दोन दिवस मी घेतले.

शनिवारी दुपारी साडेतीनला फोन वाजला.

"पेंडसे बोलतोय. तुम्ही काही केलंत का?"

"नाही काका."

"परत ठेवलंत?"

"तुम्ही नको म्हणालात ना. मी कॉम्प्युटर उघडलासुद्धा नाही."

पलीकडे त्यांनी टेबल वाजवलं. तीन जड, एक हलका, एक जड.

मी पर्समधला कागद काढला. बोट पाच जागा पुढे सरकलं होतं, त्यामुळे त्या दिवशी त्यांना पहिला क्रिट आणि मग चार साधे पडायला हवे होते. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

"सहावा मारलात?" मी विचारलं.

"छे. तो तिला ठेवलाय," ते म्हणाले. "बरं, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. ठेवतो."

आता याचे अर्थ किती होतात? मी 'होय' दाबलं त्याच क्षणी धायरीतलं नेट तुटलं असेल आणि काही लिहिलंच गेलं नसेल. किंवा रडणाऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून एका सज्जन माणसानं नुसतंच टेबल वाजवलं असेल. तोंडानं खवचट असणारी माणसं असं करतात, हे पुण्यात राहून मला पक्कं ठाऊक आहे. नोंद उघडली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. आणि नोंदीत यांतलं काहीच निघालं नसतं तर काय, हा विचार मी ऑफिसात बसून, चांगल्या उजेडात केला आणि हात मांडीवर ठेवला.

सोमवारी दुरुस्ती लागू झाली. महिनाअखेरीस मी निवृत्त झाले. निनादनं निरोपाच्या भाषणात सांगितलं की मॅमनी एकही तक्रार न तपासता बंद केली नाही. टाळ्या वाजल्या. मी उठून ते दुरुस्त केलं नाही.

काकांच्या अर्जाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. त्यावर पोच म्हणून माझी सही आहे. 'कार्यालयाचे उत्तर' याखालच्या चार ओळी अजून कोऱ्या आहेत.